उसन्या खुर्च्या घरी गेल्या

निळसर टेकडीच्या पायथ्याशी एका खोलीच्या घरात शेवंता आणि तिची आई राहत होत्या. आई गोधड्या शिवायची. गोधडीत लाल, पिवळे, मोरपंखी तुकडे असायचे, पण ताटात बहुतेक दिवस भाकरी आणि चटणीच असायची. शेवंताचे बाबा गेल्या पावसाळ्यात वारले होते. तेव्हापासून आई कमी बोलायची.

शेवंता टेकडीवरच्या कॉलेजात शिकत होती. तिला झाडांची डॉक्टर व्हायचं होतं. पहिलं वर्ष संपलं. दुसऱ्या वर्षाची फी भरली नाही तर तिचं नाव पटावरून जाणार होतं. कॉलेजात गरजू मुलांसाठी मदतनिधी होता. तो सांभाळणाऱ्या करंदीकर बाई प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन स्वतः चौकशी करायच्या.

बाई येणार म्हटल्यावर आईने शेजारच्या सखूमावशींकडून दोन खुर्च्या आणल्या. सोनेरी काठाच्या कपबश्या आणल्या. गुलाबी फुलांचा पडदा आणला आणि तो बाबांच्या फोटोवर टांगला. मग उसन्या तुपात शिरा केला.

"कसं चाललंय?" बाईंनी विचारलं.

"छान चाललंय की. शिरा घ्या ना अजून."

"आणि हिचे वडील?"

आईचा हात क्षणभर थांबला. "कामावर गेलेत. येतील."

"मग उद्या संध्याकाळी येते. अर्जावर त्यांची सही लागेल," बाई म्हणाल्या. जाताना दाराशी थोडं थांबून त्या हळूच म्हणाल्या, "पण खरं सांगू? तुमच्यापेक्षा अडचणीतली मुलं आहेत हो."

शेवंताने उष्ट्या कपबश्या उचलल्या. आईला पाहुण्यांसमोर खोटं कसं पाडायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉलेजच्या बागेत गेली. गवतावर दवाचे इवलेइवले मणी चमकत होते. फणसाच्या खोडावर काहीतरी फडफडलं. पाहते तर काय, करंगळीएवढी एक परी फणसाच्या चिकाला चिकटली होती. तिचे चंदेरी पंख अगदी चिकट होऊन गेले होते.

"ओढू नकोस," परी म्हणाली. "मी सकाळपासून ओढतेच आहे."

शेवंताने आपली वेणी पुढे घेतली. वेणीला भरपूर खोबरेल तेल होतं. तेलाने चीक सुटतो हे तिला ठाऊक होतं. वेणीच्या टोकाने तिने एकेक पंख हलकेच पुसला. परी मोकळी झाली. तिच्या मनगटावर तीन चिमुकल्या चांदण्या लुकलुकत होत्या, एक निळी, एक हिरवी, एक मधाच्या रंगाची.

"काय हवं तुला?" परीने विचारलं.

"अहो, नको. त्यात काय एवढं."

निळी चांदणी विझली.

"बरं. आणखी काय हवं?"

"खरंच काही नको हो."

हिरवी चांदणी विझली.

"आता एकच राहिली," परी म्हणाली.

"म्हणजे? मी तर काही मागितलंच नाही."

"काही नको म्हणालीस, मी दोन्ही वेळा काही दिलं नाही. हिशेब पुरा."

"आमच्यात आधी नकोच म्हणतात, परीताई. मग समोरच्याने आग्रह करायचा असतो."

"असं होय. आमच्यात आग्रह नसतो. जेवणंसुद्धा पटकन उरकतात."

शेवंताने तिला सगळं सांगितलं. परीने मान हलवली. "पैसे मी देईन, पण आमच्या पैशांची संध्याकाळी पिंपळपानं होतात. कॉलेजच्या ऑफिसात पानं निघाली तर पंचाईत तुझीच."

शेवंताने विचार केला. "मग बाईंना आमचं घर आहे तसं दिसू दे."

"दिसेल. पण नियम ऐक. अर्धं दाखवून अर्धं लपवता येणार नाही. आणि एकदा दिसलेलं पुन्हा झाकता येणार नाही."

"आईला वाईट वाटेल. तेवढं टाळता येईल का?"

"ती वेगळी इच्छा झाली. त्यासाठी चांदणी उरलेली नाही."

शेवंताने वेणीला लागलेला चीक गवतावर पुसला. शेवटी म्हणाली, "चालेल. मी आईजवळ बसेन."

संध्याकाळी आईने पुन्हा खुर्च्या मांडल्या, पुन्हा पडदा टांगला, पुन्हा शिरा केला. करंदीकर बाई दारात आल्या आणि खिडकीत परीच्या मनगटावरची मधाच्या रंगाची चांदणी लकाकली.

आधी खुर्च्या उठल्या. एकीमागे एक डुलत डुलत त्या दाराबाहेर पडल्या. कपबश्या किणकिणत रांगेने निघाल्या. शिऱ्यातल्या तुपाचे सोनेरी थेंब वर उठले आणि सखूमावशींच्या बरणीकडे उडाले. गुलाबी पडद्याने फुलपाखरासारखे पंख पसरले आणि तोही गेला.

"अगं गोदा," पलीकडून सखूमावशींनी आईला हाक दिली, "सगळं एकदम पाठवलंस होय? सावकाश दिलं असतंस तरी चाललं असतं."

भिंतीवर बाबांचा फोटो होता. त्याला सुकलेला हार होता.

आई मान खाली घालून उभी राहिली. शेवंताने तिला गोधडीवर बसवलं, शेजारी बसली आणि तिचा हात धरून ठेवला. करंदीकर बाईही चपला काढून जमिनीवर बसल्या.

"हिचे वडील," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "वारले ते. पावसाळ्यात."

हे ती आजवर कुणाला म्हणाली नव्हती. गावाला माहीत होतं, पण तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

"मग तुमची सही चालेल," बाई म्हणाल्या. त्यांनी पेन पुढे केलं. "शेवंताचं शिक्षण पुरं होईपर्यंतची फी निधीतून भरू."

आईने एकेक अक्षर जपून काढलं.

खिडकीतली परी उजळत गेली. आधी पणतीएवढी, मग चंद्राएवढी. सगळी खोली मधाच्या रंगाने भरून गेली. गोधडीचे तुकडे झगमगले, फोटोतला चेहरा स्पष्ट दिसला, आणि मग त्या उजेडातच परी विरघळून गेली.

"हसायचे तेव्हा डोळे असेच बारीक व्हायचे त्यांचे," आई फोटोकडे बघत म्हणाली.

"हो का?" बाई म्हणाल्या. "आणखी सांगा."

आई सांगू लागली. अंधार पडला, शेवंताने दिवा लावला, तरी आई सांगतच होती.