जोखडाला शिवलेली झूल

बैल माणसांपेक्षा शहाणे होते, तेव्हाची ही गोष्ट. आजही फारसा फरक पडलेला नाही म्हणा!

हरण्या बैलाची झूल वरातीत सारखी घसरायची. म्हणून मालकाने ती थेट जोखडालाच शिवून टाकली. वरात झोकात निघाली. "आता आपण एकच हो, जोखडबुवा," झूल लाडात म्हणाली.

दुसऱ्या सकाळी पेरणी होती. पण गुलालाने माखलेली झूल मालकिणीने नदीवर धुवायला नेली, आणि तिच्याबरोबर जोखडही गेलं! इकडे रानात पेरणीजोगा वापसा आलेला. दुपारच्या उन्हात ओल उडून जाणार.

हरण्या धावत नदीवर आला. "बुवा, पेरणी सोडून आंघोळी कसल्या करता?"

"मी काय करू? डाग हिला, बुडी मला!"

झूल फुगली. "माझ्यावाचून तुम्हाला बघतं कोण?"

"बघायला नकोय, बाई, ओढायला हवंय," म्हणत हरण्याने शिंगाने शिवण टराटरा उसवली आणि जोखड घेऊन रान गाठलं. पेरणी वेळेत उरकली.

पुढच्या वरातीला हरण्याने झूल जोखडाला नुसत्या, ओढताच सुटणाऱ्या सुरगाठीने बांधून घेतली. त्यानंतर लाल, निळ्या, आरशांच्या कितीतरी झुली आल्या नि गेल्या. जोखडाला पत्ताही नाही. मालक मात्र अजून गावभर सांगतो, "गाठीची युक्ती माझीच!"