चार खुरांची जागा

पूर्वी गोदावरीकाठच्या पोतली नगरीत दृढनेमी राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराबाहेरच्या माळावर उंदराच्या कुळात जन्माला आला होता. घरातले धान्य कुरतडणारा उंदीर तो हा नव्हे. माळावरचा हा उंदीर मुठीत मावेल एवढाच असतो. त्याचे पोट पांढरे, पाठ वाळल्या गवताच्या रंगाची आणि पाठीवरचे केस चपटे, ताठ. उलटा हात फिरवला तर काट्यासारखे टोचतात.

या उंदरांची एक रीत आहे. त्यांचे बीळ हातभर लांब, आत एकच खोली. त्या खोलीत ते बारीक गुळगुळीत खड्यांचे अंथरूण करतात. मातीची ओल खड्यांच्या खालीच राहते आणि पिल्लांचे अंग कोरडे राहते. बिळाचे तोंडही ते खड्यांनीच बंद करतात. दिवस मावळला की बाहेर पडायचे, कुसळी गवताचे बी आणि वाळवी खायची आणि परतताना तोंडात एक खडा घेऊन यायचे, हा त्यांचा रोजचा धर्म. पिल्ले उघडी आणि आंधळी जन्मतात. पंधरवड्याने डोळे उघडतात, महिन्याने ती आपापली वाट धरतात. आयुष्य फार तर दोन पावसाळ्यांचे. पण पिढ्यान्‌पिढ्या खडे गोळा होत राहिले, तेव्हा माळाच्या अगदी मध्यावर, उंच गवताच्या आत, अंगणाएवढी एक खड्यांनी भरलेली उघडी जागा तयार झाली. साप येताना दिसावा म्हणून उंदरांनी तिथले गवतही कुरतडून टाकले होते. चाळीसेक बिळे तिथे होती. बोधिसत्त्व त्या गावात वडीलधारा मानला जाई.

त्याची बायको वालुका बोलायला तिखट आणि कामाला चपळ होती. मात्र ती मूळची या गावातली नव्हे. आधी त्या दोघांचे बिऱ्हाड माळाच्या कडेला, वाटेजवळ होते. तिथून त्यांना का उठावे लागले, ते सांगायला हवे.

तो माळ म्हणजे राजाच्या घोड्यांचे कुरण. कोरंड नावाचा मनुष्य त्याची राखण करी. माणूस प्रामाणिक, कष्टाळू. पण एकदा डोक्यात काही शिरले की ते निघायचे नाही. एका साली घोडे लंगडू लागले. कोरंडाने खूर उचलून पाहिले तर आत खडे रुतलेले. मग वाटेजवळच्या बिळांपुढे खड्यांचे ढीग दिसले आणि त्याने ठरवूनच टाकले, की हे उंदीर माळावर खडे पेरतात. घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार हसले. एक जण म्हणाला, "मग पीक चांगलं येऊ द्या की कोरंडदादा. मळणी करून राजवाड्याला नवा कोट बांधू." कोरंडाला ते लागले. त्याने दुसऱ्याच दिवशी कुदळी आणवल्या आणि वाटेकडेची सगळी बिळे उकरून काढली. वालुकेची पहिली चार पिल्ले त्यात गेली. त्यानंतर ती नवऱ्याबरोबर मधल्या गावात आली. तिथे तिने पुन्हा खडे वेचले, पुन्हा अंथरूण केले. फाल्गुनात तिला पाच पिल्ले झाली. कोरंडाच्या पावलांचा आवाज मात्र ती विसरली नाही.

फाल्गुनात कुरणातले जून गवत जाळण्याचा रिवाज होता. आधी एक दिवस ढोल वाजवीत माळभर फिरायचे, म्हणजे ससे, टिटव्या, चुकलीमाकली जनावरे निघून जातात. मग पहाटे, वारा पडलेला असताना, थोडेथोडे पेटवायचे. त्या वर्षी कोरंडाने ढोल वाजवू दिला नाही. ढोल ऐकून उंदीर पळतील, मग जाळून उपयोग काय, असे त्याचे म्हणणे. त्यातच आठ दिवसांनी राजा कुरण पाहायला येणार होता. पहाटेची वाट न पाहता त्याने दुपार कलताच, पश्चिमेचा वारा सुटलेला असताना, पश्चिमेकडूनच आग लावली.

ज्वाळा पुरुषभर उंच गेल्या तेव्हा एक मोतद्दार धावत आला आणि बकुळा खुंट्याला नाही असे सांगू लागला. बकुळा ही राजाची लाडकी घोडी. तिचे दिवस भरले होते. व्यायला आलेली घोडी एकांत शोधते, तशी ती दावे सोडवून उंच गवतात शिरली होती. ढोल वाजला असता तर ती आपणच बाहेर आली असती. कोरंड गवतात धावत सुटला.

मधल्या गावात एव्हाना सगळी दारे बंद झाली होती. वणवा उंदरांना नवा नव्हता. गवताची आग झटकन वरून निघून जाते; दार घट्ट लावून बसले की वीतभर मातीखाली तिची धग पोचत नाही. वालुकेने स्वतःच्या हाताने एकेक खडा बसवला होता. पाचही पिल्ले पोटाशी होती. त्यांना जन्मून नऊच दिवस झाले होते, डोळे अजून मिटलेलेच होते.

तेवढ्यात जमीन हादरू लागली. जड खूर आणि त्यांच्यामागे माणसाची पावले. वालुकेने ती पावले ओळखली. माणूस खोकत होता, घोडीला चुचकारत होता आणि मध्येच देवाचे नाव घेत होता. धुरात त्याला दिशा कळत नव्हती. पंचवीस पावलांवर गवत नसलेली जागा आहे, हे त्याला ठाऊक नव्हते.

बोधिसत्त्व दारापाशी गेला आणि खडे काढू लागला.

"अहो, काय करता?" वालुका म्हणाली.

"त्याला इकडे बोलावतो."

"त्याला? कुणाला बोलावताय ते कळतंय ना? माझी चार लेकरं त्यानं कुदळीनं नेली. आता ही पाच त्या घोडीच्या पायांखाली द्यायची?"

बोधिसत्त्व तिच्याकडे वळला. मग शांतपणे म्हणाला, "वालुके, तुझं म्हणणं खोटं नाही. घोडी इथं आली तर आपल्यावर पाय पडू शकतो. पण ती तिथंच राहिली तर ती जळणारच, तिच्या पोटातलं जळणार आणि तो माणूसही जळणार. पडू शकतो आणि जळणारच, यांत फरक आहे. खूर कुठं ठेवायचे ते मी त्याला दाखवीन. मी गेलो की दार आतून लावून घे."

"आणि तुम्ही?"

"मी बाहेर असेन."

वालुकेने त्याला वाट दिली. तिने अडवले असते तर तो थांबला असता की नाही, हे तिला पुढेही कधी उमगले नाही. तो बाहेर पडला आणि तिने एकेक खडा पुन्हा जागेवर बसवला. त्या दिवशी पहिल्यांदाच तिला ते खडे जड लागले.

बाहेर बोधिसत्त्वाने कोरंडाला हाक मारली. धुरातून माणसाच्या वाणीत बोलणारा उंदीर पाहून कोरंड जागीच थिजला. बोधिसत्त्व म्हणाला, "नवल नंतर कर, दादा. माझ्यामागून ये." तो पुढे धावला आणि कोरंड घोडीला ओढत त्याच्यामागे निघाला. खड्यांवर पाय पडताच ही जागा पेटणार नाही हे त्याला कळले, आणि कुठल्या जागेवर आपण आलो आहोत हेही कळले.

"अंगावरचं पांघरूण काढून तिचे डोळे बांध," बोधिसत्त्व म्हणाला. "आता एकेक खूर हातानं उचल आणि मी बसेन तिथं ठेव. इथं पावलोपावली लेकरं निजली आहेत. तुझी कुदळ आम्ही पाहिली आहे. आता तुझा हात पाहू दे."

कोरंड गुडघ्यावर बसला. बोधिसत्त्व दोन बिळांच्या मधल्या घट्ट जमिनीवर जाऊन बसे, उठे, आणि तिथे कोरंड खूर टेकवी. पहिला खूर टेकला, दुसरा टेकला. तिसऱ्या वेळी घोडीने पाय झाडला आणि तो वालुकेच्या बिळावरच आला. आत मातीचे ढेकूळ निखळून पिल्लांच्या शेजारी पडले. वालुकेने पाचहीजणांना अंगाखाली घेतले आणि पाठ वर केली. एवढ्याशा पाठीने छप्पर पेलणार नाही हे ठाऊक असूनही. पण वरचा भार उतरला. कोरंडाने तो पुढचा पाय आपल्या मांडीवर घेतला होता. चौथा खूर आधीच घट्ट जमिनीवर होता; आग निघून जाईतो त्याने मांडीवरचा पाय खाली सोडला नाही.

आग आली. दोन्ही बाजूंनी गवत तडतडले, वरून झळ गेली, राख उडाली. घोडी थरथर कापत होती आणि कोरंड तिच्या मानेशी तोंड नेऊन, लहान मुलाशी बोलावे तसे काही पुटपुटत होता. मग आवाज पूर्वेकडे सरकत गेला आणि विरला.

वालुकेने दार उघडले. बोधिसत्त्व दारातच बसला होता. त्याच्या मिशा जळाल्या होत्या आणि शेपटीच्या टोकाला फोड आला होता. बाकी तो धडधाकट होता. त्याने आधी पिल्लांचे विचारले. पाचही आहेत, असे ती म्हणाली, आणि मग तिला इतके हायसे वाटले की ती तिथेच खड्यांवर अंग टाकून पडून राहिली. आजूबाजूची दारे उघडत होती. कुणाचेच काही गेले नव्हते. कोरंडाच्या मांडीवर खुराचा निळा वळ उमटला होता. तो म्हणाला, "आई, बिळांत लेकरं असतात हे मला ठाऊक नव्हतं." उंदराच्या मादीला आई म्हणणारा माणूस तिने पूर्वी पाहिला नव्हता. पण ती आत पळाली नाही.

तिसऱ्या दिवशी बकुळा सुखरूप व्यायली. कोरंड आपण होऊन राजापुढे गेला. ढोल न वाजवल्याचे, भर वाऱ्यात आग लावल्याचे, काहीही न लपवता त्याने सांगितले. राजा माळावर आला आणि त्या उंदराला भेटला. या माणसाचे काय करावे, असे त्याने विचारले.

"महाराज, त्याला कुरणावरच राहू द्या," बोधिसत्त्व म्हणाला. "आमची दारं कुठं आहेत हे तुमच्या राज्यात आता त्या एकालाच माहीत आहे."

राजा हसला. मग स्वतःसाठी काही माग, असे तो म्हणाला.

"जाळण्याआधी ढोल वाजावा आणि वारा पडलेला असावा. आणि खड्यांचं म्हणाल, तर आम्ही ते पेरत नाही, महाराज. माळावर विखुरलेले असतात ते एका जागी आणतो. आम्ही असू तिथं घोड्यांच्या वाटेवर खडे कमीच सापडतील."

राजाने तसा हुकूम केला. वाटेकडेची उकरलेली जागाही उंदरांना परत मिळाली, आणि पिल्लांचे डोळे उघडल्यावर वालुका आपल्या पहिल्या घरी जाऊन राहिली.

पुढे अनेक जन्मांनंतर एका वर्षावासात, म्हणजे भिक्षूंच्या पावसाळी मुक्कामात, खोली लहान आहे असे सांगून एका भिक्षूने आपल्याला पूर्वी दुखावणाऱ्या आजारी सोबत्याला पावसात बाहेर ठेवले होते. शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, त्या दोघांना समोर बसवून ही कथा सांगितली आणि जन्मांचा मेळ घातला. ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा कोरंड म्हणजे हाच आजारी भिक्षू. वालुका म्हणजे आज दार लावून बसलेला हा भिक्षू. त्या जन्मी त्याने दार लावले ते नवऱ्याच्या सांगण्यावरून, आणि भीती असूनही कुणाला अडवले नाही. दृढनेमी राजा म्हणजे आपल्यातला भिक्षू आनंद. आणि तो माळावरचा उंदीर मीच होतो. जागा मोठी असावी लागत नाही. ज्याने आपले घर मोडले त्यालाही संकटात आपल्या अंगणात उभे करणे, याला मैत्री म्हणतात."

त्या भिक्षूने उठून सोबत्याची वळकटी उचलली आणि आपल्या खोलीत नेऊन अंथरली.