कानाला लागलेला हात

“पण कानाला हात लावलात तुम्ही, बुवा. तिच्या नावाला?”

नरसूबुवा ओट्यावर बसून शेंगा सोलत होते. त्यांनी एक शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले, टरफल बाजूला सारलं.

हेरंबला तेच खुपलं. पुण्याहून कुरुंदवाडपर्यंत गाडी हाणत आला, घोटभर पाणीसुद्धा न पिता विचारलं, आणि म्हातारा आपला शेंगा सोलतोय.

आता हे कानाचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. गाणाऱ्यांच्या घरात थोरामोठ्या गवयाचं नाव निघालं की बोटं कानाच्या पाळीला जातात. तुमचं नाव घ्यायचीही आमची लायकी नाही, माफी असावी, असा त्याचा अर्थ. हात जातो तो गुरूच्या, आजेगुरूच्या नावाला. शिष्याच्या नावाला गुरूचा हात गेलेला कुणी पाहिला नव्हता.

हेरंबने पाहिला. गेल्या पंधरवड्यात, सांगलीला.

कार्यक्रम शर्वाणीचा होता. जयसिंगपूरची पोर. हेरंब बुवांकडची तालीम संपवून बाहेर पडला तेव्हा ही शाळेत जात असेल. बुवांकडे येऊन फार वर्षं झाली नाहीत तोवर स्वतःच्या बंदिशी बांधायला लागली, आणि आता त्यांचं रेकॉर्डिंगही निघालं. त्या प्रकाशनाला तिने मुलतानी रागातली आपली नवी बंदिश पहिल्यांदाच लोकांपुढे गायली.

बंदिश बांधणारा शेवटाकडे, अंतऱ्यात, आपलं एक नाव गुंफतो. शर्वाणीने ‘शर्वरंग’ असं गुंफलं होतं. ते नाव आलं आणि पहिल्या रांगेत बसलेल्या बुवांचा हात कानाला गेला.

शेजारच्या खुर्चीत हेरंब होता. तो हात त्याच्या डोळ्यांपुढून अजून हलला नव्हता.

“नातीच्या वयाची आहे ती,” तो म्हणाला.

“नातीहून लहान आहे. बस, शेंगा सोल.”

बुवांनी सूप मधे सरकवलं. ओल्या शेंगा, सकाळी उपटलेल्या, मातीसकट. गुरूने सांगितलं म्हणजे सोलायच्या. हेरंब सोलू लागला. बोटं काळी व्हायला लागली.

“लय कच्ची आहे तिची,” तो म्हणाला.

“आहे.”

“शब्दही काही ग्रेट नाहीत.”

“साधेच आहेत.”

“मग?”

...

बुवांनी एक किडका दाणा निवडून बाहेर टाकला.

हेरंब काही असातसा माणूस नव्हता, बरं का. त्याचं नाव होतं. त्याच्या रचना परदेशात वाजल्या होत्या, सिनेमावाले त्याच्या दाराशी चपला काढायचे. येत्या शनिवारी पुण्यात त्याच्या नव्या, मोठ्या रचनेचा पहिला प्रयोग होता. स्टेजभर वादक, चेलोवाले खास मुंबईहून यायचे होते, आणि प्रयोगाचंच रेकॉर्डिंग व्हायचं होतं. तिकिटं कधीच संपली होती.

पण माणसाने एकदा जळायचं ठरवलं की तिकिटं संपून काय उपयोग? शर्वाणी वाईट गायली असती तर यानेच तिला कौतुकाने जेवायला नेलं असतं. ती चांगली गायली, म्हणून याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

आणि खरं दुखणं वेगळंच होतं. शनिवार तोंडावर आला तरी त्याच्या रचनेची शेवटची ओळ बसत नव्हती. जिच्यात त्याचं नाव यायचं, तीच. पेटी पुढ्यात घेतली की बोटं शर्वाणीच्याच सुरांवर जायची. तो पेटी बंद करून टाकायचा.

“माझ्या बंदिशी तुम्ही ऐकल्यात. सगळ्या.”

“ऐकल्या की.”

“एकदा तरी हात वर गेला?”

“तुला ठाऊक. तू गाताना कुठे बघतोस?”

“तुमच्याकडे.”

“माझ्या हाताकडे,” बुवा म्हणाले.

...

हेरंबने हातातली शेंग इतकी जोरात दाबली की दाण्यांचा चेंदा झाला. तो त्याने तसाच टरफलांत लपवला. बुवांनी पाहिलं.

“शनिवारी येताय ना?” थोड्या वेळाने त्याने विचारलं.

“येतो म्हटलंय.”

“पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय तुमची. कॅमेरे असतील... शेवटी गाणं येतं, आणि त्यात माझं नाव येतं. ‘हेरंबदास.’ तेव्हा...”

पुढचं त्याच्याच्याने बोलवेना. ज्या तोंडाने इतकी वर्षं ‘बुवा, आशीर्वाद द्या’ म्हटलं, त्या तोंडाने हे कसं मागायचं?

“तेव्हा कानाला हात लावू?” बुवांनी विचारलं.

हेरंब मान खाली घालून शेंग चाचपत राहिला. नाही मात्र म्हणाला नाही.

“लावीन की. त्यात माझं काय जातंय? कान माझा, हात माझा. कॅमेरा कुठल्या अंगाला असेल?”

“बुवा...”

“नाही, आधी ठरलेलं बरं. असा लावू?” बुवांनी उजव्या हाताने पाळी धरली. “का जरा डोळे मिटून, असा?”

त्यांनी पुन्हा धरली. पाळीला काळी माती लागली. ती त्यांनी पुसली नाही.

मागितलं ते मिळालं होतं, तेही दोनदा. आणि हेरंबला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठावं, गाडीत बसावं आणि या ओट्याचं पुन्हा नाव घेऊ नये असं त्याला वाटलं. पण उठवेना.

“चेष्टा करताय माझी.”

“तू मागितलंस, मी दिलं. आणखी कसं देतात?”

...

ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेलं होतं. बुवांनी त्याच्याकडे पाहून डोळे बारीक केले.

“मुलतानीची वेळ झाली की रे. तिचा तो अंतरा काय होता? मला आठवेना. म्हण बघू.”

“मला कुठे येतो?”

“शेजारीच बसला होतास की.”

“एकदा ऐकून काय येणार?”

हे खोटं होतं. ते रेकॉर्डिंग त्याने फोनवर घेतलं होतं. गाडीत ऐकायचा, दाढी करताना ऐकायचा, बायको खोलीत आली की बंद करायचा. दोष शोधायला म्हणून ऐकायचा. एक धड दोष सापडला की सोडून देणार होता. तो सापडत नव्हता, म्हणून पुन्हा ऐकायचा.

“येतो तेवढा म्हण,” बुवा म्हणाले. “तंबोऱ्याला शिवू नको. हात खराब आहेत तुझे.”

हेरंबने खाकरून सुरुवात केली. उगाच, नाक मुरडून म्हटल्यासारखी. शब्द साधेच होते. उंबऱ्यात ठेवलेला दिवा, आणि वाऱ्याला केलेली विनवणी. मुखडा एकदा म्हणून झाला. दुसऱ्यांदा म्हणताना आवाजातला तिरकेपणा गळून पडला. पुढच्या खेपेला त्याचे डोळे मिटले.

मुलतानीत पंचमाचा सूर म्हणजे बसायची जागा, दमून आलेल्याला ओटा असावा तशी. शर्वाणी तिथे बसूच देत नाही. अगदी पायरीशी नेते आणि वळवते. जीव तिथे अडकून राहतो, की आता तरी बस म्हणेल. ही तिची युक्ती हेरंबने पहिल्याच दिवशी ओळखली होती. पण ओळखणं वेगळं आणि गळ्यातून जाणं वेगळं.

तो अंतऱ्यात शिरला. वर गेला, वरच्या षड्जावर टेकला, उतरायला लागला. आता देईल, आता देईल... आणि अख्ख्या बंदिशीत राखून ठेवलेला तो पंचम तिने दिला, तो नावावर.

शर्वरंग.

हेरंबने ते नाव घेतलं. गिळून टाकलं नाही, घाईने ओलांडलं नाही. त्या नावावर त्याचा पंचम जसा लागला, तसा स्वतःच्या कुठल्याही रचनेत त्याला कित्येक महिन्यांत लागला नव्हता. दम संपेपर्यंत तो तिथेच बसून राहिला.



...



हेरंबने डोळे उघडले. सवयीने आधी बुवांच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात सुपात होते. बुवा मात्र त्याच्याकडे बघत होते. तोंडाकडेही नाही, जरासं बाजूला.

तेव्हा त्याला कळलं की आपला उजवा हात वर आहे. बोटांत कानाची पाळी आहे, आणि तिला ओल्या मातीचा गारवा लागतोय.

चोरी करताना सापडावं तसा त्याने हात खाली ओढला. माती कानाला राहिली.

“बुवा, हा... हा मी नाही लावला.”

बुवांनी पुढची शेंग फोडली. दाणे वाटीत टाकले.

“मीही नव्हता लावला.”