भुईचे हात आणि दोर वळणारी हौसा

आटपाट नाही, लहानसंच गाव होतं एक. डोंगराच्या उतारावर चढत गेलेलं. तिथलं वरच्याचं अंगण म्हणजे खालच्याचं माळवद. माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर, बरं का. त्यावर बायका मिरच्या वाळवायच्या, पोरं खेळायची. कडेला ना भिंत, ना काही.

मग व्हायचं काय? पोरं पडायची. कोणाचा हात मोडायचा, कोणाचं डोकं फुटायचं. एकदोन तर उठलीच नाहीत. गाव दोन दिवस रडायचं. मग कोणी म्हणायचं, "नजर लागली." कोणी म्हणायचं, "पडल्याबिगर पोर मोठं होतं का?" पोरांच्या गळ्यात काळा दोरा बांधायचे आणि कामाला लागायचे.

त्या गावात हौसा नावाची बाई होती. ती दोर वळायची. घायपाताची पानं ओढ्यात भिजत घालायची, कुजली की बडवायची, त्यातून पांढरा वाक, म्हणजे धागा, निघायचा. त्याची दावी, कासरे, चऱ्हाटं करायची. तिला एकच लेक, बायडी. चार वर्षांची असताना बायडी माळवदावरून पडली. पाय मोडला, तो वाकडाच सांधला. पोरगी लंगडत चालायची. तिला चालताना बघितलं की हौसाचे हात वळता वळता थांबायचे.

एका दुपारी हौसा ओढ्यावर पानं बडवत होती. मागून कण्हण्याचा आवाज आला. वळून बघते तर एक म्हातारी बसलेली. मातीच्या रंगाची. दोन्ही तळवे पुढे धरलेले, आणि ते सुजून काळेनिळे झालेले.

"आजे, हाताला काय झालं गं?" हौसाने विचारलं.

"झेलून झेलून सुजलेत," म्हातारी म्हणाली. "मी भुई. तुमची पोरं पडतात ती माझ्याच हातात ना?"

हौसा ताडकन उठली. हातातला दांडका तिने फेकून दिला. "म्हणजे माझ्या बायडीचा पाय तू मोडलास! जरा मऊ झाली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं?"

म्हातारीने मान खाली घातली. "मऊ झाले तर तुमची घरं कशावर उभी राहतील, लेकी?"

हौसा खाली बसली. भाकरीबरोबर थोडं तेल आणलं होतं, ते तिने म्हातारीच्या तळव्यांना चोळलं. हळूहळू, फुंकर घालत.

मग म्हातारी म्हणाली, "ज्या जागेवरून पोर पडणार असतं ना, ती जागा आधी रडते. तुला ते तीनदा ऐकू येईल. चौथ्यांदा नाही." आणि बघता बघता ती मातीत मिसळून गेली.

मग दुसऱ्या दिवशी हौसा पाण्याला गेली. पाटलांच्या विहिरीला कठडा नव्हता. काठावरचा दगड मुसमुसत होता, अगदी लहान पोरासारखा. हौसाने घागर तिथेच ठेवली. घरून चऱ्हाट आणलं, चार मेढी ठोकल्या आणि विहिरीभोवती दोर ताणला. बायका हसल्या. "हौसे, विहीर काय पळून जातेय?" पण दिवस कलायच्या आत पाटलांचा नातू अंकुश करडामागे धावत आला, दोरावर आदळला आणि मागे बदकन बसला. करडू मात्र दोराखालून गेलं ते थेट पाण्यात! माणसांनी ते बाहेर काढलं. "नशीब पोराचं," गाव म्हणालं, आणि विसरलं.

मग चार दिवसांनी शेवंताच्या घरावरून जाताना तिला पुन्हा रडं ऐकू आलं. माळवदाला धूर जायला आणि उजेड यायला एक भोक ठेवतात, त्याला सवणं म्हणतात. ते सवणं रडत होतं. आणि शेवंताची तुळसा तेव्हा नुकती रांगायला लागली होती.

"शेवंता, सवणं झाकून घे बाई," हौसा म्हणाली.

"आणि धूर? माझ्या डोळ्यांत जाऊ दे होय?" शेवंता भडकली. "आपल्या पोरीचं झालं म्हणून दुसऱ्याच्या घरावर अपशकुन करत फिरू नकोस."

हे फार लागलं हौसाला. ती घरी आली. पदर डोळ्यांना लावून बसली. म्हणाली, जाऊ दे, मला काय करायचंय? पण ते रडं काही कानातून जाईना. मग उठली. बाजेला विणतात तशी दोराची घट्ट जाळी विणली. हवा जाईल, धूर जाईल, पोर जाणार नाही अशी. आणि शेवंता शेतात असताना सवण्यावर बसवून आली.

दुसऱ्या दिवशी शेवंता चुलीपुढे भाकरी थापत होती. तुळसाला वर, मिरच्या वाळवणाऱ्या सासूजवळ ठेवलेलं. सासूला डुलकी लागली. इकडे शेवंताच्या अंगावर सावली पडली. तिने वर बघितलं. जाळीतून दोन इवलेसे पाय खाली लोंबत होते. तुळसा जाळीवर बसून आईकडे बघून हसत होती, आणि खाली चूल धडधडत होती.

भाकरी करपली. शेवंता ताडकन उठली. ती धावत वर गेली, पोरीला कवटाळलं आणि तशीच, पिठाच्या हातांनी, हौसाच्या दारात येऊन उभी राहिली. हौसाने तिला पाणी दिलं.

मग आली गावची जत्रा. खाली चौकात सोंगं नाचायची, आणि सगळी पोरं माळवदांच्या कडेला ओळीने बसायची. आदल्या दिवशी हौसा गल्लीत आली आणि जागीच थांबली. एक दगड नाही, एक सवणं नाही, सगळी कड रडत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एवढा दोर आणायचा कुठून?

ती चौकात उभी राहिली, घसा फोडून सांगू लागली, "उद्या कडेवरून पोरं पडतील, दोर द्या!" माणसं एकमेकांकडे बघत राहिली. तेवढ्यात शेवंता पुढे आली. "माझी तुळसा तिच्या दोरावर जिवंत आहे. मी माझ्या बाजेची दोरी सोडते." मग पाटलांनी अंकुशकडे बघितलं. ते गोठ्यात गेले आणि बैलांचे कासरे घेऊन आले. मग कोणी दावी आणली, कोणी पाळण्याची दोरी. अख्खं गाव विणायला बसलं. कडेला दोर ताणले, खाली जाळं बांधलं.

दुसऱ्या दिवशी ढोल वाजला, वाघाचं सोंग नाचत आलं, मागची पोरं पुढे रेटली. दोर करकरला, पण तुटला नाही. एक पोरगी तेवढी दोराखालून सटकली. ती जाळ्यात पडली, दोनदा उडाली, आणि म्हणाली, "अजून एकदा!"

सगळे हसले. पण हौसा हसली नाही. तिसरं रडं संपलं होतं. त्यानंतर तिला काहीच ऐकू येईना. दगडाला कान लावायची, शिडीला लावायची. सगळं मुकं.

बायडी हे बघत होती. एके दिवशी म्हणाली, "आई, तू उभी राहून काय ऐकतेस? आमच्याएवढी होऊन बघ की."

हौसा लेकीशेजारी गुडघ्यांवर आली आणि रांगू लागली. आणि काय सांगू! तेच घर, पण निराळंच. खिडकीखालचा पेटारा म्हणजे चढायची पायरी. भिंतीला टेकलेली शिडी म्हणजे चल वर असं बोलावणं. रडं ऐकायची गरजच काय, सगळं डोळ्यांना दिसत होतं!

मग हौसाने शेवंताला रांगायला लावलं. शेवंताने सासूला. पाटीलही रांगले, पागोटं सांभाळत. दिसलं तसं एकेक नीट केलं. शिडी काढून ठेवली, विहिरीला दगडी कठडा बांधला, माळवदांना कमरेएवढ्या भिंती घातल्या. म्हातारी माणसं पाळीपाळीने पोरांजवळ बसू लागली, आणि डुलकी येणाऱ्यांना जोडी मिळाली.

पोरं तरी पडायचीच, बरं का. धावताना पडायची, गुडघे खरचटायचे. पण रडून झालं की उठायची. बायडीचा पाय काही सरळ झाला नाही. पण आईच्या शेजारी बसून ती असा दोर वळू लागली की पंचक्रोशीत तसा कोणाचा नव्हता. सगळी सुखाने राहिली, पोरांची पोरं झाली.

झाली गोष्ट. आता मिटा डोळे. आणि बाजेच्या कडेला कोण लोळतंय ते? आत सरक, बाळा. अजून थोडा. हां, आता नीज.