दिवाणसाहेबांचा फेटा

एका संस्थानच्या राणीसाहेबांना इंग्रजी शिकायची भारी हौस. त्यांना शिकवायला यमुताई गुप्ते येत, आणि नेमकं तेच विलायत पाहून आलेल्या दिवाणसाहेबांच्या डोळ्यांत खुपे.

एकदा दिवाणसाहेब सहीसाठी आले, तेव्हा राणीसाहेब ‘इन्स्ट्रक्ट’ या शब्दापाशी अडल्या होत्या. “बाई, याचा अर्थ काय हो?”

“हुकूम देणं, आणि शिकवणंसुद्धा,” यमुताई म्हणाल्या.

दिवाणसाहेब फिसकन हसले. “साफ चूक! हुकूम देणं, बस्स. वरच्यानं सांगायचं, खालच्यानं करायचं. त्यात शिकवायचं काय? सरकार, या बाईंची शिकवणी आजच बंद करा.”

राणीसाहेबांनी कुतूहलानं यमुताईंकडे पाहिलं.

“मग सरकार, एक हुकूम द्याच,” यमुताई म्हणाल्या. “दिवाणसाहेबांनी फेटा बांधून दाखवावा.”

दिवाणसाहेब नेहमी टोपीसारखा चढवायचा तयार फेटा घालत. हुकूम सुटला, लांबलचक कापड आलं. पहिला वेढा कानावर बसला, दुसरा नाकावर, पुढच्यात चष्मा अडकला. राणीसाहेबांनी तोच हुकूम चढ्या आवाजात दिला, तसा सगळा फेटा गळ्यात उतरला.

“सरकार, नुसतं सांगून कसं जमेल?” दिवाणसाहेब काकुळतीला आले. “कुणीतरी आधी दाखवा तरी!”

यमुताईंनी पुढे होऊन त्यांचा चष्मा सोडवला.

“पहिला अर्थ सरकारांनी दिला, दिवाणसाहेब,” त्या म्हणाल्या. “दुसरा तुम्ही स्वतः मागून घेतलात.”