सनईवाल्याचं ताट

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक सनईवाला आणि त्याची बायको राहत होती. गावदेवीची पालखी जत्रेला निघायची ती त्याच्या सनईचा पहिला सूर ऐकूनच, अशी तिथली रीत. सूर निघाला नाही तर पालखीला कुणी खांदा लावत नसे. त्यामुळे सनईवाल्याला ताप आला तेव्हा त्याच्या घराइतकीच काळजी सगळ्या गावाला पडली.

ताप उतरला, पण अंगात त्राण राहिलं नाही. सनई तोंडाला लावली की नुसती फुसफुस व्हायची. जत्रा तर तोंडावर आलेली. सनई वाजवता येत नसेल तर आपण कोण, असं त्याला वाटू लागलं आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

त्या गावात आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हाताने जात नसे. आपल्या परसात जे पिकतं ते न्यायचं, त्याचे गुण सांगायचे आणि आजाऱ्याने ते समोर बसून खायचं. नको म्हणणं म्हणजे आणणाऱ्याचा अपमान. रीत मोठी प्रेमाची होती. अडचण एवढीच की गावात परसं पुष्कळ होती.

आधी आल्या त्या दारात शेवगा असलेल्या काकू. "सूनबाई, हा कोवळा पाला घे. शेवग्याने हाडं कशी बळकट होतात बघ. मात्र त्यावर दूध देऊ नकोस हं."

बायकोने दूध बंद केलं आणि पाला शिजवून दिला. दुसऱ्या दिवशी कारल्याचा मांडव असलेले अण्णा आले.

"शेवगा दिलास? अगं, तो उष्ण! तापातून उठलेल्याला उष्ण देतात का? कारल्याचा रस दे. रक्त स्वच्छ होतं. भात आणि गूळ मात्र बंद."

सनईवाला रस प्यायला आणि त्याने डोळे मिटून घेतले. अण्णांना वाटलं, गुण आला.

मग लसणाचे वाफे लावणारी आत्या आली. कारल्याचं नाव ऐकताच तिने कपाळाला हात लावला. "रिकाम्या पोटी कारलं? आतडी पिळवटतील की! लसूण दे पोराला, छाती मोकळी होईल. भाकरी जड पडते, ती थांबव." तिच्या पाठोपाठ गाईम्हशींची मालकीण असलेली मावशी ताकाचा तांब्या घेऊन हजर. "लसूण म्हणजे नुसती आग. ताक दे, पोट गार राहील. पण डाळ नको, वात होतो."

बिचाऱ्या बायकोच्या डोक्याचा पार भुगा झाला. काल ज्याने हाडं बळकट होणार होती, त्यानेच आज उष्णता वाढणार होती. उष्ण काय, थंड काय, कशावर काय चालत नाही, काही उमजेना. ती पळी हातात धरून चुलीसमोर उभी राही आणि ती कोणत्या भांड्यात बुडवावी हेच तिला कळत नसे. बरं, खोटं कुणीच बोलत नव्हतं. प्रत्येकाच्या वस्तूत गुण होताच. खोटं बोलणारा ओळखता तरी येतो. इथे सगळेच खरे, आणि सगळेच एकमेकांच्या विरुद्ध.

दूध गेलं, भात गेला, भाकरी गेली, वरण गेलं. ज्या दिवशी जो पाहुणा, त्या दिवशी त्याचीच वस्तू सनईवाल्याच्या पुढ्यात. तो खंगत चालला. उठून बसायलाही त्याला भिंतीचा आधार लागू लागला.

पालखी सजवायचे दिवस जवळ आले तेव्हा सगळे एकदमच, तो पडून होता त्या ओसरीवर जमले. त्याची दशा पाहून ते आपसांत भांडायला लागले.

"तुमच्या कारल्याने केलं हे!"

"आणि तुमच्या ताकाने काय केलं?"

एवढ्यात अण्णांचं लक्ष सनईवाल्याच्या बायकोकडे गेलं. ती विहिरीवरून डोक्यावर घागर आणि काखेत कळशी घेऊन येत होती. चेहरा काळजीने उतरलेला, पण चाल ठणठणीत.

"सूनबाई," अण्णा म्हणाले, "नवऱ्याची सेवा तूच करतेस, घरचं सगळं तूच ओढतेस. तरी तू धडधाकट, आणि हा असा. तू खातेस तरी काय?"

आत्याचे डोळे बारीक झाले. "चांगलंचुंगलं स्वतःपुरतं ठेवतेस की काय गं?"

बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती आत गेली आणि तिने स्वतःचं वाढून ठेवलेलं ताट आणून सगळ्यांसमोर ठेवलं. भाकरी होती. शेवग्याचा पाला घातलेलं वरण होतं. गूळ घालून केलेली कारल्याची भाजी, लसणाची चटणी आणि वाटीभर ताक.

"हे तुमचंच आहे," ती म्हणाली. "काकूंनी दिलेलं अण्णांनी बंद केलं, अण्णांनी दिलेलं आत्यांनी. टाकलं असतं तर तुमचा अपमान झाला असता. म्हणून उरलेलं मी थोडं थोडं खात गेले. भाकरी आणि वरण आमचं रोजचंच. मला कशातलं काही कळत नाही हो. तुम्हीच सांगा, आता ह्यांना काय देऊ?"

जो तो ताटातल्या आपापल्या वस्तूकडे बघत राहिला. तेवढ्यात सनईवाल्याने हात लांब केला आणि ताट आपल्याकडे ओढलं.

"मला भूक लागलीय गं," तो म्हणाला. "इतके दिवस कुणी विचारलंच नाही."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि वरणात बुडवला. वर ताकाचा घोट घेतला. भाकरी पाहून आत्याने तोंड उघडलं, पण काकूंनी तिचा हात दाबला. बायको त्याच्या शेजारी बसून त्याला वाढत राहिली.

त्या दिवसापासून दोघांचं ताट एकसारखं झालं. जत्रेच्या सकाळी सनईवाला देवळाच्या पायरीवर बसला. पहिला सूर थोडा कापरा निघाला, मग तो स्थिरावला आणि डोंगरापर्यंत लांबत गेला. पालखी उचलली गेली. बायकोने पदराने डोळे पुसले.

गर्दीत काकू शेजारणीच्या कानाशी लागल्या, "हा माझा शेवगा बरं का!"

"छे!" मागून अण्णा म्हणाले. "असा दम कारल्यानेच येतो."

बायकोने ते ऐकलं, पण या वेळी तिच्या डोक्यात मुळीच गोंधळ झाला नाही. ती लगबगीने घराकडे निघाली. वाजवून आल्यावर त्याला भूक लागणार होती आणि भाकऱ्या अजून थापायच्या होत्या.

तात्पर्य: गुण प्रत्येक पदार्थात असतो, पण एकट्या गुणावर माणूस जगत नाही, त्याला भूक असते आणि तिला भरलेलं ताट लागतं.