आळीतले ठोके थांबले

एकदा आमच्या तांबटआळीत एक बातमी आली, तीही अर्धीच. "परदेशी गेलेला विश्राम म्हणे बहिरा झाला, म्हणून कायमचा..." दळण घेऊन चाललेली शेजारीण एवढंच म्हणाली आणि पुढचं सगळं हातोड्यांच्या ठणठणाटात बुडालं. अर्धी बातमी घेऊन घरी बसणं मला जमत नाही. मी थेट दाजींच्या दुकानी गेले. दाजी म्हणजे आळीतले सर्वांत वृद्ध कारागीर, विश्रामचे गुरू.

परदेशातून आलेला विश्राम त्यांच्यापुढे मान खाली घालून बसला होता.

"दाजी, तिथं कारखान्यात मी एकटाच तांबट. बाहेर बर्फ, चिटपाखरू नाही. हातोडी मारली की माझ्याच ठोक्यानं दचकतो, हात थांबतो. राहायचं की जायचं ते ठरवायला मालकानं महिन्याची मुदत दिलीय. बायको तिथं रमलीय, लेकीची शाळा तिथं. पण मला वाटतं, सगळ्यांना घेऊन परत यावं."

"आणि कानाचं काय रे?" मी विचारलं.

"काकू, तुमच्यापर्यंत पोचलं का तेही?"

दाजी उठले. दुकानोदुकानी जाऊन हात जोडत म्हणाले, "घटकाभर हातोड्या खाली ठेवा." एकेक ठोका थांबत गेला. आमच्याकडे ठोके थांबतात ते आळीत कोणी गेलं तरच. बायका खिडक्यांत आल्या.

"कोण गेलं हो?"

"दाजी तर धडधाकट दिसताहेत."

दाजींनी फळीवरचा स्वतःचा हंडा काढला. चाळीस वर्षं अख्खी आळी त्याला निर्दोष म्हणत आली होती. विश्रामच्या हाती लाकडी मोगरी देऊन म्हणाले, "वाजव. चूक सापडते का बघ."

विश्राम हंडा फिरवत वाजवत गेला. एका जागी थांबला. तिथंच पुन्हा वाजवलं. गुरूच्या कामात खोट काढायची, म्हणून तिसऱ्यांदा वाजवून खात्री केली.

"दाजी, इथं ठोका कच्चा पडलाय."

दाजींनी स्वतः वाजवून पाहिलं. क्षणभर चेहरा उतरला, मग ते हसले. "मला चाळीस वर्षांत ऐकू आलं नाही बघ. गोंगाट माणसाला सांभाळून घेतो रे. शेजारच्याच्या तालावर आपला हात चालतो, आपली चूक त्याच्या ठोक्याखाली झाकली जाते. तिथं झाकायला कोणी नाही, म्हणून तू दचकतोस. स्वतःचा ठोका आयुष्यात प्रथम ऐकू आला, आणि त्यालाच भिऊन पळतोस होय? मी शिकवायचं ते शिकवलं. आता ती शांतता शिकवील."

विश्रामनं त्यांचे पाय धरले. आठवड्यात तो परतीच्या विमानात बसला.

वर्षानं त्यानं तिथं घडवलेली घागर आली. दाजींनी पुन्हा आळी थांबवली, घागर चहूबाजूंनी वाजवली आणि वयाचा विचार न करता ती डोक्यावर घेऊन आळीभर मिरवली. प्रत्येक दुकानातून हातोड्यांची सलामी झडत होती.

राहता राहिली ती बातमी. विश्रामचा डावा कान अधू झालाय, एवढं खरं निघालं. ही घागर त्यानं एकट्या उजव्या कानाच्या भरवशावर घडवली.